अठराशे किलोमीटर रस्त्याबाहेर

मुलुंड पूर्वेला राहणारे श्री. नंदकुमार काशीराम तिरोडकर यांनी दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक वाहन घेतलं. वाहनाचं नाव 'दुर्गम ४८'. वाळवंट, दलदल, खडकाळ उतार आणि बर्फ अशा चारही ठिकाणी ते चालू शकत होतं. नंदकुमारांना रोज मुलुंडहून घाटकोपरला कार्यालयात जायचं होतं.

अंतर नऊ किलोमीटर. एका विमा कंपनीच्या दावे विभागात ते अधीक्षक होते. लोकांनी पाठवलेला दावा कोणत्या कलमाखाली नाकारावा हे ठरवण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली होती. स्वभावाने सावध माणूस. पंखा घेतानासुद्धा माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा. 'दुर्गम'चं चोवीस पानी माहितीपत्रक त्यांना तोंडपाठ झालं होतं. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एकशे साठ अश्वशक्ती, अठ्ठेचाळीस व्होल्टची माइल्ड हायब्रिड प्रणाली, पुढचं नाक न घासता अडतीस अंशांच्या चढाला भिडण्याची क्षमता आणि सातशे मिलिमीटर खोल पाण्यातून आरपार. जेवताना ते हे आकडे अधूनमधून म्हणत.

शोरूममध्ये त्यांच्याबरोबर पत्नी शुभा गेल्या होत्या. त्या शाळेत गणित शिकवत.

"हे माइल्ड हायब्रिड म्हणजे नेमकं काय असतं?" त्यांनी विक्री प्रतिनिधी अक्षताला विचारलं.

"मॅडम, पेट्रोल इंजिनच्या जोडीला एक छोटी बॅटरी असते. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद. ब्रेकवरचा पाय काढला की बॅटरी ते झटक्यात चालू करते. आणि वेग कमी करताना जी ताकद वाया जाते ना, ती परत बॅटरीत भरते."

"म्हणजे गाडी बॅटरीवर चालते?"

"नाही नाही, चालत नाही. बॅटरी इंजिनला फक्त मदत करते."

"किती?"

अक्षताने माहितीपत्रकात पाहिलं. उत्तर पहिल्याच पानावर होतं. "माइल्ड."

"अच्छा." शुभा नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे तू स्वयंपाकघरात करतोस तशी."

"अगं, बर्फाचा मोड आहे यात," नंदकुमार म्हणाले.

"मुलुंडला?"

"नसण्यापेक्षा असलेला बरा ना!"

गाडी घेण्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. निदान नंदकुमार सगळ्यांना तेच सांगत. त्यांचे वडील काशीराम, वय एक्क्याऐंशी, परळच्या कापडगिरणीत बत्तीस वर्षं साचे चालवून निवृत्त झालेले. त्यांची थोरली बहीण रुक्मिणी, वय सत्त्याऐंशी, कुडाळ तालुक्यातल्या गावी टेकडीवरच्या घरात राहत होती. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत पाऊण किलोमीटरची दगडधोंड्यांची घाटी. भावाचे गुडघे गेले होते म्हणून भाऊ घाटी चढू शकत नव्हता आणि बहिणीचेही गेले होते म्हणून बहीण उतरू शकत नव्हती. सहा वर्षं दोघं रोज सकाळी फोनवर बोलत होते आणि एकमेकांच्या गुडघ्यांची विचारपूस करत होते.

"बाबा, ही गाडी थेट आक्काच्या दारातल्या खळ्यात नेऊन उभी करतो की नाही बघा," नंदकुमार म्हणाले.

"घाटी चढतली मां?"

"अडतीस अंश, बाबा!"

काशीरामांना अंश कळले नाहीत, पण मुलाचा उत्साह कळला. त्यांनी लगेच फोन लावला. "आक्का, झिलान गाडी घेतल्यान. आता दारात येतलंय बघ."

जाणं नाताळच्या सुट्टीत ठरलं. पण नाताळच्या आधी नंदकुमारांना आठवलं की घाटीच्या दोन्ही बाजूंना करवंदाच्या जाळ्या आहेत. काटे रंगाला लागणार. त्यांनी गाडीला संरक्षक पापुद्रा लावून घ्यायचं ठरवलं आणि त्याची तारीख जानेवारीतली मिळाली. जानेवारीत पापुद्रा लागला आणि गाडी इतकी चकाकायला लागली की तिला लाल मातीत घालणं त्यांच्या जिवावर आलं. सोसायटीच्या वाहनतळावर ते रविवारी सकाळी चाकांच्या खाचांमधले खडे काडीने काढत बसत. फेब्रुवारीत टायरचा प्रश्न निघाला. खडकांवर चालणारे टायर खडकांवर झिजतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. मग मार्चअखेरची कामं.

"आक्का विचारता," काशीराम दर आठवड्याला सांगत.

"एप्रिलात नक्की, बाबा. गाडीला काही होता कामा नये ना. लांबचा पल्ला आहे."

दरम्यान गाडी रोज घाटकोपरला जात होती. मुलुंड ते घाटकोपर हा जो जोडरस्ता नंदकुमारांच्या वाट्याला आला होता, त्याचं काँक्रिटीकरण चालू होतं. एक बाजू खणलेली, दुसरी बाजू खणण्यासाठी मोकळी ठेवलेली, आणि मधून दोन्ही दिशांची वाहतूक. गाडी सरासरी ताशी आठ किलोमीटरने जाई. थांबली की इंजिन बंद, सरकली की चालू. नंदकुमारांनी एकदा मोजलं: एका फेरीत दोनशे चौदा वेळा. वेग कमी करताना बॅटरी भरते हे खरं होतं, पण वेग कमी करायला तो आधी असावा लागतो. बॅटरी बिचारी दोनशे चौदा वेळा इंजिन उठवत होती आणि तिला घासभर वीज मिळत नव्हती.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी जलवाहिनी फुटली आणि भुयारी मार्गात पाणी साचलं. रिक्षा मागे फिरल्या, मोटारी मागे फिरल्या. नंदकुमारांनी काच वर केली, पाण्याचं चित्र असलेलं बटण दाबलं आणि गाडी आत घातली. बाजूच्या कठड्यावरून लोकांनी फोन काढून चित्रण केलं. पलीकडे बाहेर पडल्यावर त्यांना आपण काहीतरी केलंय असं वाटलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत तसं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी कार्यालयात पोचल्यावर तीन जणांना सांगितलं. तिघांनीही पाणी किती होतं ते विचारलं आणि त्यांनी प्रत्येकाला थोडं वाढवून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला: 'हायब्रिड प्रणाली तपासा.' चौथ्या दिवशी गाडी वाहनतळावरून हललीच नाही. ती ओढून नाहूरच्या सेवा केंद्रात नेण्यात आली.

सेवा सल्लागार मिहिर हा अतिशय नम्र तरुण होता. त्याने गाडीला संगणक जोडला, दहा मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि नंदकुमारांना पाणी आणून दिलं. चांगली बातमी असती तर चहा आला असता.

"सर, अठ्ठेचाळीस व्होल्टचं मॉड्यूल गेलंय. ते बदलावं लागेल. प्रॉब्लेम वॉरंटीचा आहे."

"का? गाडी चार महिन्यांची आहे."

"हो सर. पण ऑफरोड वापरामुळे आलेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. कलम अकरा, उपकलम तीन."

"मी गाडी रस्त्याच्या बाहेर एकदासुद्धा नेलेली नाही!"

मिहिरने पडदा त्यांच्याकडे वळवला. गाडीने आपली रोजनिशी स्वतःच लिहून ठेवली होती. एकूण प्रवास अठराशे बारा किलोमीटर. भूभागाचा प्रकार: खडकाळ. मध्येमध्ये: सैल माती. धक्के: एकोणीस हजार चारशे. आणि मार्चच्या मध्यावर, सकाळी नऊ चाळीसला: नदीपात्र, खोली चारशे तीस मिलिमीटर.

"अहो, ती नदी नाही. तो भुयारी मार्ग आहे."

"सर, मला माहितेय. मी पण तिकडूनच येतो. पण गाडीला तसं वाटलं ना."

"आणि सातशे मिलिमीटर पाण्यातून जाते असं माहितीपत्रकात लिहिलंय, त्याचं काय?"

"जाते ना सर. गेली पण. ती क्षमता आहे." मिहिर कळवळून म्हणाला. "क्षमता असणं वेगळं आणि वापरणं वेगळं. कंपनी क्षमता देते. वापर कस्टमरचा."

दुसऱ्या कुणी हे वाक्य ऐकलं असतं तर तो भडकला असता, पण नंदकुमार व्यवसायाने हे वाक्य ओळखत होते. असं वाक्य सुचायला किती वर्षं लागतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कलम अकराची प्रत मागून घेतली आणि तिथेच बसून वाचली. तळटिपेत ऑफरोडची व्याख्या होती: 'सक्षम प्राधिकरणाने रस्ता म्हणून मान्य न केलेला कोणताही पृष्ठभाग.'

"म्हणजे मी रोज जातो तो रस्ता आहे असा दाखला आणला तर?"

"तर प्रश्नच मिटला सर. लगेच क्लेम टाकतो."

नंदकुमार दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून प्रभाग कार्यालयात गेले. रस्ते विभागात दुय्यम अभियंता सुबोध पाटकर बसले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"रस्ता असल्याचा दाखला?" ते म्हणाले. "खड्डा बुजवल्याचा देतो. झाड धोकादायक नसल्याचा देतो. रस्ता असल्याचा कुणी मागितला नाही आजवर."

"साहेब, एका ओळीचं काम आहे. सदर रस्ता हा रस्ता आहे, बस."

"असं कसं लिहू? बघावं लागेल." पाटकरांनी संगणकात बघितलं, मग कपाटातली फाइल काढून बघितलं, मग शेजारच्या टेबलावर विचारून आले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. "तिरोडकर साहेब, तो रस्ता नाहीये."

"म्हणजे?"

"दीड वर्षापूर्वी तो ठेकेदाराच्या ताब्यात दिला. ताबा दिल्या दिवसापासून आमच्या यादीतून तो कमी झाला. आता काम पूर्ण होऊन परत आमच्याकडे आला की तो रस्ता. तोपर्यंत ते प्रकल्पस्थळ आहे."

"मग ज्या बाजूने गाड्या चालतात ती?"

"ती पण प्रकल्पस्थळच. काम दोन्ही बाजूंचं आहे."

"अहो, हजारो लोक जातात तिथून रोज!"

"जातात," पाटकरांनी मान्य केलं. "माझी मुलगी पण शाळेत तिकडूनच जाते. पण कागदावर कुणीच जात नाही."

"बरं, भुयारी मार्ग तरी?"

"तो जोडरस्त्याचाच भाग. शिवाय तुम्ही लिहिलंय की तिथे पाणी होतं. त्या तारखेला पाणी साचल्याची नोंद नाही आमच्याकडे. जिथे पाणी नव्हतं तिथे तुमची गाडी भिजली, असं मी लिहून दिलं तर माझी चौकशी लागेल."

पाटकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि अर्ज मागे घ्या असं दोनदा सुचवलं. नंदकुमारांनी मागे घेतला नाही. जे काही असेल ते लेखी द्या, म्हणाले. एकवीस वर्षं ते दावेदारांना हेच सांगत आले होते.

आठ दिवसांनी लेखी आलं. पत्राच्या पहिल्या भागात नमूद केलं होतं की अर्जदाराच्या निवासी संकुलाच्या फाटकापासून कार्यालयाच्या फाटकापर्यंतचा संपूर्ण पट्टा हे प्रकल्पस्थळ असून त्यास तूर्तास रस्ता म्हणता येणार नाही. दुसऱ्या भागात, अर्जदाराने गेले चार महिने सदर प्रकल्पस्थळी दररोज दोन वेळा विनापरवाना, सुरक्षा शिरस्त्राण व बूट न घालता प्रवेश केल्याचे त्यांच्याच अर्जावरून निष्पन्न होत असल्याने, आपणावर कारवाई का करू नये याचा खुलासा सात दिवसांत मागवला होता.

शुभांनी पत्र वाचून खाली ठेवलं. "आता शाळेत जाताना मी पण हेल्मेट घालायचं का रे?"

"चेष्टा सुचते तुला. वाट लागलीय माझी इथे."

"तुझी लागलीय हे बघतोयस. बाबांकडे बघितलंस?"

काशीराम खिडकीपाशी बसले होते. एप्रिलचा पहिला आठवडा होता. त्यांची पिशवी मार्चपासून भरून दाराशी होती: दोन धोतरं, गुडघ्याचं तेल, आणि आक्कासाठी नऊवारी लुगडं. आदल्या दिवशी आक्का फोनवर नेहमीपेक्षा कमी बोलली होती. गुडघ्यांविषयी तर तिने काहीच सांगितलं नव्हतं.

"माका गाडयेचा काय करूचा नाय," काशीराम मुलाकडे न बघता म्हणाले. "माका आक्काक बघूचा आसा."

नंदकुमारांनी तडक नाहूर गाठलं आणि पत्र मिहिरसमोर ठेवलं. काहीही करून गाडी चालू कर, असं ते म्हणणार होते. मिहिरने पत्र वाचलं. मग आतल्या साहेबांना दाखवलं. आतून साहेब बाहेर आले आणि त्यांनी नंदकुमारांचा हात हातात घेतला.

"सर, हे सरकारी पत्र आहे?"

"हो."

"सही-शिक्क्यानिशी तुम्ही अठराशे किलोमीटर ऑफरोड चालवलीय?"

"तसं त्यांचं म्हणणं आहे."

"सर, वॉरंटी तर आता संपलीच," साहेब प्रसन्नपणे म्हणाले. "पण तुम्ही बसा. मी मुख्यालयात फोन करतो."

झालं होतं असं की कंपनीने 'दुर्गम ४८' बाजारात आणून वर्ष झालं होतं आणि देशभरातल्या मालकांत सगळ्यात जास्त ऑफरोड कोणी चालवली याची पाहणी चालू होती. पहिल्या क्रमांकावर त्या दिवसापर्यंत बोरिवलीचे एक दंतवैद्य होते. त्यांचं ऑफरोड अकरा किलोमीटर भरलं होतं. त्यातले चार एका मॉलच्या तळघरातले होते. अठराशेचा आकडा ऐकून मुख्यालयाने तो दोनदा तपासला, पत्राची प्रत मागवली आणि नंदकुमारांना 'दुर्गमवीर' हा किताब जाहीर केला. वॉरंटी विभागाच्या मते मॉड्यूल ऑफरोड वापरामुळे बिघडलं होतं. जाहिरात विभागाच्या मते इतक्या ऑफरोड वापरानंतरच बिघडलं, यातच त्याची विश्वासार्हता होती. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर बसत.

समारंभ येत्या रविवारी सकाळी अकराला, अंधेरीच्या एका हॉटेलात. गाडीचं मॉड्यूल कंपनी सद्भावना म्हणून बदलून देणार होती. समारंभानंतर.

नंदकुमार घरी आले तेव्हा शुभा कोकण रेल्वेचं आरक्षण करून बसल्या होत्या. तत्काळमध्ये तीन तिकिटं, शनिवार संध्याकाळची.

"रविवारी सकाळी कुडाळ," त्या म्हणाल्या. "घाटीचं तिथे बघू. खुर्चीत बसवून उचलून नेऊ. तू, मी आणि दोन माणसं."

नंदकुमारांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "रविवारी माझा सत्कार आहे."

"कशाबद्दल?"

त्यांनी सांगितलं. शुभांनी सगळं ऐकून घेतलं. वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर लिहिणाऱ्या मुलाकडे त्या जसं बघत तसं त्यांनी बघितलं.

"तू गाडीच्या नादाने वडिलांना चार महिने थांबवलंस. आता गाडी नाही तरी येत नाहीस?"

"अगं, गेलो नाही तर मॉड्यूल मिळणार नाही. मग गाडी कायमची पडून. एकदा गाडी चालू झाली की मे महिन्यात बाबांना परत घेऊन जाईन, अगदी दारापर्यंत. मी त्यांच्यासाठीच तर..."

वाक्य पुरं झालं नाही. काशीरामांनी आतल्या खोलीतून हाक मारली होती. त्यांना पिशवीची चेन लागत नव्हती. नंदकुमारांनी ती लावून दिली. शनिवारी दोन तिकिटांवर दोघं गेले. तिसरं तिकीट रद्द करायचं राहून गेलं.

रविवारी हॉटेलात कृत्रिम खडक रचले होते आणि त्यांवर एक नवी कोरी 'दुर्गम' चढवून ठेवली होती. ती क्रेनने चढवली, असं मिहिरने हळूच सांगितलं. मंचावर अक्षता सूत्रसंचालन करत होती. विक्रीतून तिची बढती झाली होती. भिंतभर पडद्यावर नंदकुमारांचा फोटो, खाली 'अठराशे किलोमीटर, एकही रस्ता नाही'. त्यांना फेटा बांधला. सन्मानचिन्ह म्हणून स्टिअरिंगच्या आकाराचं पितळी काहीतरी हातात दिलं. ते वजनदार होतं.

नेमका त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. फोनवर शुभाचं नाव. उचलला तर पलीकडे वडील होते.

"पोचलंय रे," काशीराम म्हणाले. मागे कोंबड्यांचा आणि कुणातरी बाईच्या रडत हसण्याचा आवाज होता. "आक्कान पयल्यांदा वळाकल्यान नाय माका. म्हणता, कोण रे तू म्हातारो?"

"कसे चढलात, बाबा?"

"माणिकाचो टेंपो आसा मरे. रोज चिरे घेऊन वर येता. त्येच्यातसून इलंय. चिऱ्यांवर बसान. शुभा पाठसून धरून होती."

तीन चाकांचा, एका दिव्याचा तो टेंपो नंदकुमारांनी गावी अनेकदा पाहिला होता. त्याला कुठलाही मोड नव्हता. गेली सोळा वर्षं तो दिवसातून आठ वेळा त्या घाटीने वर जात होता आणि हे कुणालाच विशेष वाटलं नव्हतं.

"सर, कुणाचा फोन?" अक्षताने माइक पुढे केला. "सगळ्यांशी शेअर करा ना!"

"वडिलांचा," नंदकुमार म्हणाले. "गावाहून. सहा वर्षांनी बहिणीला भेटले. घर डोंगरावर आहे, रस्ता नाही..."

पुढचं ते सांगणारच होते. पण अक्षताने तोंडावर हात नेला, डोळे मिटले आणि माइकमध्ये म्हणाली, "मंडळी, जिथे रस्ता नाही तिथे एक भाऊ आपल्या बहिणीपर्यंत पोचला!" सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. टाळ्या चालू असताना टेंपोचा विषय काढणं बरं दिसलं नसतं. टाळ्या थांबल्या तेव्हा नाश्ता लागला होता.

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत सगळीकडे गेली. 'एक्क्याऐंशी वर्षांचा भाऊ, सत्त्याऐंशी वर्षांची बहीण आणि अठ्ठेचाळीस व्होल्ट.' नाहूरच्या सेवा केंद्रात 'दुर्गम' त्या वेळी बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्याखाली तेलासाठी पत्र्याचा डबा लावलेला होता.

शुभांनी चित्रफीत गावी पाहिली. त्यांनी फोन केला नाही, एका ओळीचा संदेश पाठवला: 'आम्ही महिनाभर इथेच राहतोय. आक्काला बरं वाटतंय.' नंदकुमारांनी उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. घरात पंख्याचा आवाज येत होता.

पुढच्या आठवड्यात मॉड्यूल आलं, बसलं, पिवळा दिवा गेला. मिहिरने किल्ली हातात देताना एक विनंती केली.

"सर, तुम्हाला मुख्यालयातून फोन येईल. एक ते दहामध्ये मार्क द्या म्हणतील, गाडीला आणि सर्व्हिसला. प्लीज दहा द्या. नऊ दिलेत तरी सिस्टीममध्ये शून्य पडतो."

"नऊ म्हणजे शून्य?"

"हो सर. आणि त्याच मार्कांवरून इंजिनची विश्वासार्हता काढतात. सध्या साडेनव्याण्णव टक्के आहे."

"अर्धा टक्का कुणाचा?"

"तो दादरचा एक जण होता. त्याने आठ दिले," मिहिर खिन्नपणे म्हणाला.

फोन आला. नंदकुमारांनी दहा दिले. गाडी पंधरा दिवस चालली. मग एका सकाळी पिवळा दिवा परत लागला. त्यांनी तो खिशातल्या रुमालाने पुसून पाहिला. मग त्यावर कागदाची छोटी चिकटपट्टी लावली आणि गाडी घाटकोपरकडे काढली.

त्या दिवशी दुपारी कार्यालयात त्यांना गंधाली सामंत नावाच्या मुलीचा फोन आला. वाकोल्याला राहत होती. तिने चित्रफीत पाहिली होती.

"काका, नंबर कंपनीने दिला, सॉरी हं, असा डायरेक्ट फोन करतेय. माझी आई वेंगुर्ल्याला एकटी असते. घर आत आहे, रस्ता नाही धड. रात्री-अपरात्री तिला डॉक्टरकडे न्यायचं झालं तर उपयोगी पडेल म्हणून ही गाडी बघतेय. सगळी सेव्हिंग्ज जाणार आहेत त्यात. म्हणून खरं खरं सांगा ना. भरवशाची आहे का?"

नंदकुमारांच्या टेबलावर त्या दिवसाचे नाकारायचे दावे होते आणि त्यांच्या शेजारी पितळी सन्मानचिन्ह. कार्यालयातले दोघेतिघे मान वर करून ऐकत होते. ते खुर्चीत जरा सरसावून बसले. तेवढ्यात त्यांना त्या मुलीचा श्वास ऐकू आला. ती थांबली होती.

"अतिशय," ते म्हणाले.

"थँक्यू काका! झकास. मी एकूण अकरा जणांना विचारलं. सगळे अगदी हेच म्हणाले."

तिने त्याच संध्याकाळी गाडी नोंदवली.

नंदकुमारांचा तुम्हाला राग आला असेल. येऊ द्या, त्यांचं नाव, गाव, पत्ता वर दिलेलाच आहे. उरलेल्या दहा जणांची नावं मात्र कंपनीने गोपनीय ठेवली आहेत, तेव्हा तुम्ही निर्धास्त असा.